लशीतलं तेल: कोणतं, किती आणि कशात कालवलेलं?

जुना लॅबवाला (धागाकर्ता)

आईला फ्लूची लस द्यायची ठरली. वय ७१. डॉक्टरांनी पासष्टीपुढच्यांसाठी असते ती, अ‍ॅड्ज्युव्हंट (लशीचा जोर वाढवणारा पदार्थ) घातलेली लस सुचवली. ही बातमी घरच्या ग्रुपवर गेली आणि तासाभरात मावसभावाचा फॉरवर्ड आला: 'लशीतून शार्कचं तेल टोचतात, त्याने शरीर स्वतःवरच उलटतं, उंदरांचे हाल बघा.' खाली पाय सुजलेल्या उंदराचा फोटो. आई म्हणाली, "तू उंदरांतच काम करायचास ना? मग तूच सांग."

म्हणून हा धागा. मी डॉक्टर नाही. पण आठेक वर्षं प्राण्यांच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो आणि या कुळातलं सगळ्यात बदनाम तेल, फ्रॉइंडचं, मी स्वतःच्या हाताने घोटलेलं आहे. 'घोटलेलं' हाच शब्द बरोबर. दोन काचेच्या सिरिंज तोंडाला तोंड लावून जोडायच्या. एकीत प्रतिजनाचं (ज्याच्याविरुद्ध शरीराने प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, करायच्या त्या पदार्थाचं) पाणी, दुसरीत तेल. मग इकडचा दट्ट्या दाबा, तिकडचा दाबा. पहिली काही मिनिटं काहीच होत नाही. मग दट्ट्या जड व्हायला लागतो, अंगठे भरून येतात आणि मिश्रण दाट, पांढरंफेक होतं. जमलं की नाही ते ओळखायची युक्ती अशी, की पाण्यावर एक थेंब सोडायचा. पसरला तर परत घोटत बसा. मोत्यासारखा तसाच राहिला तर झालं.

तो मोत्यासारखा राहतो यातच सगळी गोम आहे. बाहेर तेल, आत पाण्याचे कण. असं मिश्रण टोचलं की ते शरीरातल्या पाण्यात मिसळत नाही, आठवडेच्या आठवडे तिथेच ठाण मांडून बसतं. ज्यूल्स फ्रॉइंड यांनी १९३०-४० च्या दशकांत हे तंत्र बसवलं: खनिज तेल, तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा इमल्सिफायर, आणि 'कम्प्लीट' प्रकारात क्षयाच्या कुळातले मारलेले जंतू. प्रतिपिंडं अशी मिळतात की विचारू नका. पण टोचलेल्या जागी गाठ होते, कधी ती फुटते, आणि प्राण्याचे हाल होतात. म्हणून आता प्राण्यांतही ते वापरायला कडक अटी आहेत. माणसांच्या लशीत 'कम्प्लीट' कधीही आलं नाही. आमच्याकडे ते भरताना दोन हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कोणी सिरिंजला हात लावायचं नाही.

आईच्या लशीत असतं ते एमएफ५९. तेही तेल आणि पाणीच, पण उलटं. बाहेर पाणी, आत तेलाचे अतिसूक्ष्म थेंब, सरासरी १६० नॅनोमीटरचे, म्हणजे केसाच्या जाडीचा अंदाजे पाचशेवा भाग. दूध आणि लोणी आठवा. दोन्हींत स्निग्ध पदार्थ आणि पाणी आहे. पण दूध पाण्यात ओतलं तर मिसळून जातं, लोण्याचा गोळा तसाच तरंगतो. फ्रॉइंड म्हणजे लोणी, एमएफ५९ म्हणजे दूध. प्राण्यांवरच्या मोजमापात स्नायूतलं निम्मं एमएफ५९ साधारण ४२ तासांत निघून जातं.

तेलही वेगळं. खनिज तेल पचवायची सोय शरीराकडे नाही. एमएफ५९ मधलं स्क्वालीन आपलं यकृत रोज बनवतं, कोलेस्टेरॉल तयार होताना ती मधली पायरी असते. त्वचेवरच्या तेलकटपणातही ते असतं. अर्ध्या मिलिलिटरच्या डोसात ९.७५ मिलिग्रॅम. १९०६ मध्ये मित्सुमारू त्सुजिमोतो या जपानी रसायनशास्त्रज्ञाला ते शार्कच्या यकृतात सापडलं म्हणून शार्कचं नाव चिकटलं.

थोडक्यात, फोटोतला उंदीर खरा असेलही, पण तो आईच्या लशीचा उंदीर नाही. इथल्या जाणकारांनी चुका काढाव्यात.

वाचनखूण

छान धागा. दुधा-लोण्याचं उदाहरण आवडलं. वाखु साठवली.

सरळ_विचारतो

लेख चांगला आहे पण एकतर्फी. 'आपल्याच शरीरात असतं म्हणून निर्धोक' हे मला पटत नाही. पित्तही शरीरातच असतं, ते पोटाच्या पोकळीत सांडलं तर माणूस आयसीयूत जातो. गल्फ वॉरनंतर आजारी पडलेल्या अमेरिकी सैनिकांचं काय? त्यांच्या रक्तात स्क्वालीनविरुद्ध प्रतिपिंडं सापडली होती. तो पेपर खोटा का?

जुना लॅबवाला

पित्ताचा मुद्दा मान्य. तो युक्तिवाद मी जरा सैल केला. कुठे आणि किती, हे सांगितल्याशिवाय 'शरीरात असतंच' याला अर्थ नाही.

गल्फ वॉरचं मात्र नीट बघू. २००० साली तो पेपर आला हे खरं. आजारी सैनिकांच्या रक्तात स्क्वालीनविरोधी प्रतिपिंडं आहेत, आणि अँथ्रॅक्सच्या लशीत गुपचूप स्क्वालीन घातलं असणार, असा त्याचा रोख. त्या लशीतलं घोषित अ‍ॅड्ज्युव्हंट अ‍ॅल्युमिनियमचं होतं. १९९९ मध्ये एफडीएने (अमेरिकेच्या औषध नियामकाने) काही साठे तपासले तर खरंच स्क्वालीन मिळालं, अब्जात १० ते ८३ भाग. आता हिशेब करा. ८३ धरले तरी अर्ध्या मिलिलिटरमध्ये ०.०४ मायक्रोग्रॅम. एमएफ५९ च्या डोसापेक्षा दोन लाख पटींहून कमी. अ‍ॅड्ज्युव्हंट म्हणून एवढ्याशाने काहीच होत नाही. बोटाच्या ठशातही स्क्वालीन असतं, त्यामुळे काचसामान उघड्या हाताने धरलं तरी एवढं येऊ शकतं. हे मी अनुभवाने सांगतो, तेलाची चाचणी करताना स्वतःचं बोटच मोजून बसलेले लोक मी पाहिलेत.

पुढे अमेरिकी लष्कराच्याच संशोधकांनी चाचणी सुधारून बघितली तेव्हा ही प्रतिपिंडं लस न घेतलेल्या निरोगी लोकांतही निघाली, वाढत्या वयात जास्त. २००९ मध्ये नौदलाच्या माजी सैनिकांच्या अभ्यासात ती प्रतिपिंडं आणि आजार यांचा संबंध लागला नाही.

सरळ_विचारतो

म्हणजे ते सैनिक नाटक करत होते?

जुना लॅबवाला

अजिबात नाही. आजार खरा आहे. २००८ साली अमेरिकेतल्या सरकारी सल्लागार समितीच्या अहवालाने कीटकनाशकं आणि नर्व्ह गॅसविरुद्ध दिलेल्या पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या यांच्याकडे बोट दाखवलं. मला वाईट याचं वाटतं की लोकांची वर्षं लशीतल्या तेलाच्या मागे गेली.

गुरांचा डॉक्टर

लोण्याच्या बाजूने बोलायला कोणी नाही, म्हणून मी येतो. :)

लाळ्या-खुरकुताच्या लशी, कोंबड्यांच्या बऱ्याच मृत लशी खनिज तेलातल्या असतात. गुरात गाठ येते, पण प्रतिकारशक्ती पाण्यातल्या लशीपेक्षा जास्त टिकते. त्यामुळे आमच्याकडे त्याला पर्याय नाही असंच म्हणा.

आता माझं बोट. वासराला टोचताना त्याने मान झटकली आणि सुई माझ्या डाव्या तर्जनीत. आत गेलं असेल ते दोन-तीन थेंब. आधी काहीच वाटलं नाही. रक्तही नीट आलं नाही. मी पुढची आठ जनावरं टोचली. तासाभराने बोट फटफटीत पांढरं, आतून कोणी पिरगाळतंय असा ठणका, आणि हातमोजा काढायला गेलो तर निघेना. दवाखान्यात ड्यूटीवरचा पोरगा म्हणाला, "धनुर्वाताचं देतो, दोन दिवस बघू." मी लशीच्या बाटलीबरोबरचा कागद खिशात ठेवलेला. त्यावर छापलेलंच असतं की खनिज तेल आहे, अगदी थोडं बोटात गेलं तरी तातडीने शस्त्रक्रियेचा सल्ला घ्या, नाहीतर बोट जाऊ शकतं. तो कागद त्याच्या हातात दिला तेव्हा सर्जन आले. बोट उभं चिरलं, आत धुतलं. आतून पांढरी साय निघावी तसं निघालं. आज सहा वर्षं झाली, वरचं पेर पूर्ण मिटत नाही.

हे घाबरवायला नाही सांगत. उलट तुमच्या मुद्द्याला धरूनच आहे. 'तेलाची लस' म्हणून जे एका टोपलीत टाकलं जातं त्यात माझं बोट आणि तुमच्या आईचा दंड एकत्र मोजू नयेत.

रानजाई

@गुरांचा डॉक्टर, बाप रे! वाचूनच बोट दुखलं. मोजा न काढता आठ जनावरं!

रात्रीचा पक्षी

धागाकर्त्यांनी सगळं सांगितलं आणि खरा हत्ती सोडला. पँडेमरिक्स.

२००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत युरोपात सुमारे ३ कोटी लोकांना ही लस दिली गेली. त्यात एएस०३ होतं. दूधवालंच, लोणी नाही: स्क्वालीन १०.६९ मिलिग्रॅम, त्यात 'ई' जीवनसत्त्व ११.८६ मिलिग्रॅम आणि पॉलिसॉर्बेट ८०. ऑगस्ट २०१० मध्ये स्वीडन आणि फिनलंडमधून बातम्या यायला लागल्या की धडधाकट पोरं वर्गात, जेवताना, सायकलवर झोपून जाताहेत. नार्कोलेप्सी. फिनलंडच्या अभ्यासात ४ ते १९ वयोगटात धोका सुमारे १३ पट निघाला. इंग्लंडमध्ये मुलांमागे हिशेब आला तो साधारण ५२,००० ते ५७,५०० डोसांमागे एक.

माझा या आजाराशी रोजचा संबंध आहे, तपशील सांगत नाही. लोकांना वाटतं, झोप येते एवढंच ना? हसायला आलं की गुडघे गळतात. मित्राने विनोद सांगितला आणि मुलगा जमिनीवर, शुद्धीत, सगळं ऐकू येतंय पण हलता येत नाही. मग पोरं हसणंच टाळायला शिकतात. मेंदूत हायपोक्रेटिन हे जागं ठेवणारं रसायन बनवणाऱ्या पेशी मरतात आणि त्या परत येत नाहीत. आयुष्यभराचं दुखणं.

तेव्हा '४२ तासांत निघून जातं' हे वाक्य त्या घरांत म्हणून बघा. तेल गेलं, आजार राहिला.

सरळ_विचारतो

धन्यवाद. मी हेच म्हणत होतो.

जुना लॅबवाला

@रात्रीचा पक्षी, चूक माझी. आईच्या लशीपुरतं लिहिताना ते बाहेर राहिलं आणि राहायला नको होतं. ४२ तासांचं वाक्य 'गाठ होत नाही' एवढंच सिद्ध करतं. प्रतिकारशक्तीला एकदा चुकीचा धडा शिकवला गेला तर शिक्षक वर्गातून गेला म्हणून धडा पुसत नाही.

पण मग दोष तेलाचा का? यावर तुमचं मत ऐकायला आवडेल.

रात्रीचा पक्षी

इथे मीही सरळ बोट दाखवू शकत नाही, आणि जे दाखवतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

एक, कॅनडात अरेपॅनरिक्स दिली गेली. तेच एएस०३, विषाणूचा प्रतिजन मात्र दुसऱ्या पद्धतीने शुद्ध केलेला. तिथे क्वेबेकमध्ये धोका दिसला तो दहा लाख डोसांमागे एकाच्या आसपास. दोन, एमएफ५९ वाली साथीची लस, फोसेट्रिया, तिच्यात हा प्रकार दिसला नाही. तीन, चीनमध्ये लस न घेतलेल्यांतही साथीनंतर नार्कोलेप्सी वाढली, म्हणजे विषाणू स्वतःही हे करू शकत असावा. चार, रुग्णांमध्ये जवळपास सगळ्यांकडे एचएलए-डीक्यूबी१*०६:०२ हा जनुकप्रकार असतो. तो उत्तर युरोपात कितीतरी निरोगी लोकांकडेही आहे, म्हणजे तोही एकटा पुरेसा नाही.

तर चित्र असं: जनुक हवा, विषाणूचा नेमका तुकडा हवा, आणि त्या तुकड्याविरुद्ध जोरदार प्रतिक्रिया हवी. 'जोरदार' हे काम कोणाचं? अ‍ॅड्ज्युव्हंटचं. म्हणून मी म्हणतो, तेलाने आग लावली नसेल, पण भाता त्याच्या हातात नव्हता असं कोणी सांगू नये.

आकडेमोड

उत्तम चर्चा. मला फक्त फोटोतल्या उंदरावर बोलायचं आहे.

स्क्वालीनने उंदरात ल्युपससारखी (आपल्याच शरीरावर उलटणारी) प्रतिपिंडं तयार होतात, असा २००३ सालचा अभ्यास फॉरवर्डांमध्ये नेहमी फिरतो. त्यात उंदराच्या पोटाच्या पोकळीत अर्धा मिलिलिटर तेल सोडलं होतं. उंदीर समजा २० ग्रॅमचा. म्हणजे किलोमागे २५ मिलिलिटर. ६० किलोच्या माणसाला त्याच प्रमाणात द्यायचं तर दीड लिटर तेल पोटात ओतावं लागेल. लशीत असतं ते मिलिलिटरचा शंभरावा भाग. लाखाहून जास्त पटीचा फरक.

छोटा उंदीर (माउस) नसून मोठा उंदीर (रॅट) असेल (फोटोत सुजलेला पाय आहे म्हणून विचारतो), तर तो २००० सालचा सांधेदुखीचा अभ्यास असावा. तो डीए नावाच्या, सांधे सुजायला मुळातच टपलेल्या जातीवर केलेला होता. तेल त्वचेत टोचलेलं. साधं खनिज तेल टोचलं तरी त्या जातीचे सांधे सुजतात.

सरळ_विचारतो

जास्त डोस दिला म्हणून अभ्यास बाद होत नाही. सगळं विषशास्त्र जास्त डोसावरच चालतं.

आकडेमोड

बाद नाही म्हटलं. तो अभ्यास 'अशी यंत्रणा अस्तित्वात आहे' एवढं सांगतो. 'आईच्या दंडात ती चालू होईल' हे सांगत नाही. त्यासाठी माणसंच मोजावी लागतात. ती मोजलीत. इटलीत एमएफ५९ वाली फ्लूची लस १९९७ पासून आहे, आणि २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीने आढावा घेतला तेव्हा २ कोटी २० लाख डोस होऊन गेले होते.

चष्मिष्ट

पण ते डोस बहुतेक म्हाताऱ्यांचे होते ना? ऑटोइम्यून आजार (शरीर स्वतःवरच उलटतं ते) सुरू होतात ते तरुण बायकांत. पासष्टीच्या लोकांवरून विशीतल्या मुलीला 'बिनधास्त घे' सांगणं कितपत बरोबर?

आकडेमोड

अगदी योग्य प्रश्न, आणि त्या समितीनेही तेव्हा हेच म्हटलं होतं, की बाकी वयोगटांत पुढे लक्ष ठेवायला हवं. २००९ ची साथ हा तसा पहिला मोठा वापर, आणि तिथेच नार्कोलेप्सी मुलांत दिसली, म्हाताऱ्यांत नाही.

एक शंका

लशीत शेंगदाण्याचं तेल असतं आणि त्यामुळे मुलांना अ‍ॅलर्जी होते, असं वाचलं. खरं का?

जुना लॅबवाला

अ‍ॅड्ज्युव्हंट ६५. १९६० च्या दशकात मर्क कंपनीत मॉरिस हिलमन यांच्या चमूने शेंगदाणा तेलाचं इमल्शन (तेल-पाण्याचं घोटलेलं मिश्रण) केलं होतं. माणसांवर चाचण्या झाल्या, अमेरिकेत परवाना मिळाला नाही, विषय संपला. अफवा मात्र संपली नाही.

खडूस काका

सगळे २००९ पासून सुरू करताहेत. मी जरा मागे नेतो.

'लोणी' माणसांना दिलं गेलेलं आहे. १९५१ ते ५३ मध्ये जोनास साल्क, पोलिओवालेच, यांनी अमेरिकी सैन्यातल्या भरतीच्या जवानांवर खनिज तेलातली फ्लूची लस वापरून पाहिली. साधारण १८,००० जवान. ब्रिटनमध्ये तर १९६० च्या दशकात अशी लस सर्रास दिली गेली, आणि काहींच्या दंडात जंतू नसलेली गळवं झाली, चिरावी लागली, तेव्हा ती बंद केली. त्याच काळात पोटात खनिज तेल सोडलेल्या एका विशिष्ट जातीच्या उंदरांना कर्करोग होतो हे दिसलं. झालं, नियामकांनी हात आखडता घेतला तो कित्येक दशकं.

मजा पुढे आहे. त्या जवानांचा माग सोडला नाही. १९९३ साली दीर्घ पाठपुराव्याचा निकाल आला: कर्करोग किंवा ऑटोइम्यून आजारांनी मृत्यू वाढलेले नाहीत. म्हणजे चाळीस वर्षांनी कळलं की ज्याला घाबरलो ते झालं नाही, आणि जे झालं (गळू) ते तर पहिल्याच महिन्यांत दंडावर दिसत होतं.

यातून तुम्ही काय घ्यायचं ते घ्या. मी असं घेतो, की 'दीर्घकालीन परिणाम कोणी बघतच नाही' हे सरसकट विधान खोटं आहे, आणि 'लगेच कळलं असतं' हेही खोटं आहे, कारण नार्कोलेप्सी लगेच कळली नाही.

चष्मिष्ट

काका, मुद्द्याला हात घातलात. पण मृत्यू मोजणं आणि आजार मोजणं यांत फरक आहे. सांधेदुखीने माणूस मरत नाही, चाळीस वर्षं कण्हतो.

खडूस काका

मान्य. तेवढा त्या अभ्यासाचा तोकडेपणा आहेच.

रानजाई

मला साधा प्रश्न. एवढं लचांड आहे तर तेल घालतात कशाला? नुसती लस द्या ना.

जुना लॅबवाला

कारण नुसती लस काही वेळा काही करतच नाही. बर्ड फ्लूचं उदाहरण घ्या, एच५एन१. तेलाविना केलेल्या लशीचे ९० मायक्रोग्रॅमचे दोन डोस दिले तेव्हा निम्म्याच्या जरा वर लोकांत पुरेशी प्रतिपिंडं आली. नेहमीच्या फ्लूच्या लशीत एका विषाणूमागे १५ मायक्रोग्रॅम असतात, म्हणजे बघा किती. एएस०३ घातल्यावर ३.८ मायक्रोग्रॅमात काम झालं. साथीत हाच फरक कोणाला लस मिळते आणि कोणाला नाही हे ठरवतो. म्हाताऱ्यांत अडचण वेगळी, त्यांची प्रतिकारशक्तीच जागी व्हायला वेळ घेते, जरा जोरात हाक मारावी लागते.

अवांतर: या शास्त्राची सुरुवात गमतीची आहे. १९२० च्या दशकात गास्तों रामों यांना दिसलं की ज्या घोड्यांना टोचल्या जागी गळू होतं त्यांच्या रक्तात प्रतिविष जास्त मिळतं. मग त्यांनी मुद्दाम टॅपिओकाचं पीठ, पावाचा चुरा असलं काहीबाही लशीत मिसळून पाहिलं, आणि ते चाललं! म्हणजे सूज हा दुष्परिणाम नव्हता, तीच युक्ती होती. आजही आहे. दंड दुखतो तो त्यामुळेच.

गुरांचा डॉक्टर

यात एक उपकथा. 'लोणी' जास्त वेळ टिकतं म्हणून जास्त चांगलं, असं आम्हीही मानायचो. कर्करोगाच्या उपचारी लशींत म्हणून तर ते वापरून पाहतात. २०१३ मध्ये उंदरांवर दिसलं ते उलटंच: लढाऊ टी पेशी तयार होतात, पण प्रतिजन टोचल्या जागीच साठून राहिल्यामुळे त्या गाठीशीच घुटमळत बसतात आणि तिथेच मरतात. ट्यूमरपर्यंत पोचतच नाहीत. चोर एकीकडे आणि पोलिस नाक्यावर चहा पीत.

सरळ_विचारतो

शास्त्र समजलं, माझा राग शास्त्रावर नाहीच. २०१८ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लेख आला होता. आयर्लंडमधल्या खटल्यात बाहेर आलेल्या कागदांवरून दिसत होतं की २००९ च्या डिसेंबरातच पँडेमरिक्सच्या प्रतिकूल नोंदी अरेपॅनरिक्सच्या कितीतरी पट होत्या. लोकांना तेव्हा हे कोणी सांगितलं? सरकारांनी कंपन्यांना दाव्यांपासून संरक्षण दिलेलं, आणि ब्रिटनमध्ये एका आजारी मुलाला १ लाख २० हजार पौंडांसाठी २०१७ पर्यंत कोर्टात भांडावं लागलं. सरकारचं म्हणणं काय, तर तुझं अपंगत्व 'गंभीर' नाही. अपील कोर्टाने ते फेटाळलं.

मग माझ्यासारख्याने फॉरवर्डवर विश्वास ठेवला तर दोष फक्त माझा का?

रात्रीचा पक्षी

नाही, फक्त तुमचा नाही.

मी एवढंच जोडेन. त्या नोंदी कच्च्या असतात, कोणीही कळवलेलं त्यात येतं, म्हणून आकडा मोठा म्हणजे लस दोषी असं लगेच होत नाही. पण प्रश्न विचारण्याइतका तो मोठा होता. नार्कोलेप्सी पकडली ती झोपेच्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांनी, एकाच हिवाळ्यानंतर इतकी मुलं का, या साध्या आश्चर्यातून. युरोपच्या औषध संस्थेने वीस वर्षांखालच्यांसाठी ती लस आवरती घ्या असं सांगेपर्यंत जुलै २०११ उजाडलं.

आकडेमोड

उलट बाजूचंही एक उदाहरण असू द्या. नोव्हेंबर २०१४, इटली. एमएफ५९ वाली लस घेतल्यावर काही वृद्धांचे मृत्यू, वर्तमानपत्रांत मथळे, दोन साठे थांबवले. तपासणीत साठे स्वच्छ निघाले, मृत्यूंशी संबंध लागला नाही. थंडीच्या तोंडावर लाखो वृद्धांना काहीही द्या, अगदी पेलाभर पाणी, पुढच्या दोन दिवसांत त्यातले काही जाणारच. हे क्रूर वाटतं पण हिशेब आहे. त्या दोन साठ्यांवर बंदी घातली हेही बरोबरच, आणि लस निर्दोष होती हेही बरोबर.

रानजाई

आणि शार्कांचं काय? त्यांची बाजू कोणीच मांडेना.

जुना लॅबवाला

मांडायलाच हवी. स्क्वालीनचा मोठा भाग सौंदर्यप्रसाधनांत जातो, लशींचा वाटा लहान, पण खोल समुद्रातले हे शार्क फार सावकाश वाढतात, त्यामुळे लहान वाटाही टोचतो. उसाची साखर यीस्टला खाऊ घालून तयार केलेलं स्क्वालीन आता मिळतं. ऑलिव्ह आणि राजगिऱ्याच्या तेलातही ते असतं. परवाना मिळालेल्या लशीतलं तेल बदलायचं म्हणजे पुन्हा सगळ्या चाचण्या, अडतं ते तिथेच.

चष्मिष्ट

शेवटी आईंचं काय ठरलं? आणि तुमच्या मुलीला उद्या द्यायची वेळ आली तर?

जुना लॅबवाला

आईला काल दिली. अमेरिकेत ही लस पासष्टीपुढे २०१५ पासून चालते, इटलीत त्याच्या कितीतरी आधीपासून. या वयाला फ्लू काय करतो ते मी वडिलांच्या वेळी पाहिलंय. माझ्यापुरता हिशेब सरळ होता. दंड दुखला, रात्री कूस बदलता येत नव्हती, आज बरं आहे.

मुलीचं तसं सरळ नाही. साधी, अ‍ॅड्ज्युव्हंट नसलेली फ्लूची लस तिला पुरते, ती दरवर्षी देतो. उद्या नवीन साथ आली आणि तेलवाली हीच एक लस असेल तर? देईन असं वाटतं. पण आधी विचारीन, कोणतं इमल्शन, प्रतिजन कसा शुद्ध केलाय, आणि आधी किती मुलांना दिलीय. 'तेल आहे का' हे विचारणार नाही.

सरळ_विचारतो

हे प्रश्न विचारल्यावर उत्तर देणारा डॉक्टर मिळाला तर नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

जुना लॅबवाला

:) आईच्या डॉक्टरांनी खोकाच हातात दिला, म्हणाले वाचा. आईने चष्मा लावून स्क्वालीनची ओळ शोधली, फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'हे माझ्या नाकावरच्या तेलातही आहे.' मावसभाऊ दहा मिनिटं गप्प. मग त्याचा प्रश्न: 'त्याच्या खाली पॉलिसॉर्बेट ८० लिहिलंय ते काय?'

त्याचा वेगळा धागा काढावा लागणार.